पोरीचं नाव

पाण्याच्या नळाजवळ प्रांजल नव्हती.

अनुपमानं हातातल्या पिशव्या तिथंच टाकल्या. आत्ता तर होती! बाटली भरून आणते म्हणाली, आणि नळ हाकेच्या अंतरावर. दौंड स्टेशनचा फलाट माणसांनी भरलेला, समोर पुण्याची गाडी उभी.

"मामा, पोर कुठंय?"

तिचे मामेसासरे बबनराव बाकावर मोबाइल बघत बसले होते. "आसंल की हितंच," ते मान वर न करता म्हणाले.

मग तिला लाल फ्रॉक दिसला. पलीकडच्या फलाटाकडं जाणाऱ्या जिन्यावर, पार वरच्या पायऱ्यांवर. शेजारी एक माणूस. इस्त्रीचा शर्ट, खांद्याला ऑफिसची बॅग, आणि प्रांजलचं मनगट त्याच्या मुठीत.

जिना कसा चढला ते अनुपमाचं तिलाच कळलं नाही. तिनं मागून त्याची कॉलर अशी ओढली की वरचं बटण तुटून पायऱ्यांवरून घरंगळत गेलं.

"सोड! आधी सोड तिला!"

त्यानं मनगट सोडलं. जराही न गडबडता म्हणाला, "ताई, तुमचा गैरसमज होतोय. मुलगी एकटी दिसली, म्हणून स्टेशन मास्तरांकडे नेत होतो."

"मम्मी, ते म्हणले तू पलीकडच्या गाडीत बसलीस," प्रांजल रडवेली होऊन म्हणाली. "माझं नाव घिऊन हाक मारली त्यांनी."

नाव बाटलीवर होतं. शाळेत हरवू नये म्हणून अनुपमानंच मार्करनं मोठ्या अक्षरात लिहिलं होतं.

"मास्तरचं हापिस खाली हाय, तुझ्या मागं! वर कुठं निघाला होतास? आन् मी गाडीत बसले, हे तुला कुणी सांगितलं रं?"

तिला उत्तर द्यायचं सोडून तो जमलेल्या लोकांकडं वळला. "बघा, मदत करायची सोय राहिलेली नाही."

दोघातिघांनी माना डोलावल्या. चांगल्या घरचा दिसतोय, कुणीतरी म्हणालं. पोरगी मिळाली ना बाई, मग झालं तर.

"पोलिसाला बोलवा कुणीतरी!" अनुपमा ओरडली. कुणी जागचं हललं नाही. एकानं तेवढा तिच्यासमोर मोबाइल धरला, व्हिडिओ काढायला.

बबनराव धापा टाकत वर आले. "सूनबाई, सोड त्याला. तमाशा नको."

"मामा, ह्यो पोर घिऊन चालला होता!"

"नेली तर न्हाई ना? पोलिसात गेलं की गावभर व्हतं. पोरीचं नाव निघतं. उद्या लगीन करायचं हाय तिचं."

"सात वर्सांची हाय वो ती!"

बबनरावांनी तिची बोटं एकेक करून कॉलरवरून सोडवली. गावातली भांडणं मिटवायची त्यांना सवय होती. त्याच आवाजात ते त्या माणसाला म्हणाले, "जावा तुम्ही. बायकामाणसाचं काय मनावर घिऊ नका."

माणसानं कॉलर सारखी केली, त्यांना नमस्कार केला आणि जिना उतरून समोरच्या पुण्याच्या गाडीत चढला. गाडीनं शिट्टी दिली.

अनुपमा बबनरावांकडं वळली. "आज ही गेली आसती, मामा, तर हिचं नाव पेपरात आलं आसतं. फोटूसकट. तवा काय केलं आसतं तुम्ही?"

बबनराव पिशव्या बघायला म्हणून खाली उतरू लागले.

गाडी हलली तशी तिला जिन्यावरून एक खिडकी दिसली. गजांना नाक लावून बसलेली एक चिमुरडी, दोन वेण्या घातलेली. आणि त्याच डब्याच्या दारात तो उभा. बाहेर नाही, आत बघत होता. त्या पोरीकडं.

प्रांजलला कडेवर उचलून अनुपमा जिन्यावरून धावत खाली आली, माणसांना ढकलत खिडकीबरोबर पळू लागली.

"ताई! आवो ताई! पोरीला जवळ घ्या! त्यो दारातला माणूस..."

पोरीच्या आईनं बाहेर पाहिलं. सुटलेले केस, खांद्यावरून घसरलेला पदर, कडेवर रडणारं पोर, आणि गजांना धरू बघणारी, किंचाळणारी एक बाई. तिनं घाबरून पोरीला छातीशी ओढलं आणि दुसऱ्या हातानं खिडकीचं शटर खाली खेचलं. ते मध्येच अडकलं.

दारातला माणूस आत आला, तिच्या मदतीला वाकला.

"मुलीला आत घ्या, ताई," तो मऊ आवाजात म्हणाला. "हल्ली स्टेशनवर कुणाचा भरवसा नाही."

आणि त्यानं शटर खाली ओढून दिलं.