तीस सेकंदांचं दार

तिसऱ्यांदा अंगठा घसरला आणि हँडल होतं तिथे परत गेलं. चौथ्या झटक्याला दार उघडलं.

"एकेचाळीस," बाहेरून घड्याळमास्तर म्हणाले. एवढंच. ते परीक्षक होते, आणि हातातल्या स्टॉपवॉचने सांगितलं त्यापेक्षा एक शब्द जास्त बोलणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

सरावाच्या यानात ती पाठीवर पडून होती. अंगात हवा भरलेला पोशाख, हातात हवा भरलेला मोजा. असा मोजा घालून मूठ आवळायची म्हणजे टम्म फुगलेला फुटबॉल एका हाताने चेपायचा. संकट आलं तर यानाचं दार तीस सेकंदांत उघडलंच पाहिजे, असा नियम होता. दाराशेजारची खुर्ची तिची, म्हणून दारही तिचं. तीन आठवड्यांनी, शुक्रवारी परीक्षा होती. नापास झाली तर खुर्ची राखीव माणसाला जाणार, आणि पुढच्या वर्षी तिचं वय अटीबाहेर जाणार. तीनदा नकार पचवून चौथ्या खेपेला तिची निवड झाली होती.

आणि गंमत अशी, की हे हँडल तिनेच बनवलेलं होतं.

अंतराळवीर होण्याआधी बारा वर्षं ती डिझाइन विभागात इंजिनिअर होती. तिथे तिला 'फूटपट्टी' म्हणत, कारण तिचं माप कधी चुकत नसे. हे हँडलही तिने चोख तपासलं होतं. टेबलाशी उभं राहून, बाह्या सारून, मोकळ्या हाताने, चांगलं पन्नास वेळा. अंतराळवीरांचे मोजे पलीकडच्या इमारतीत कुलपात असत आणि ते मागवायला तीन सह्यांची चिठ्ठी लागे. एवढ्याशा हँडलसाठी कोण ती खटपट करतो? आजवर गेलेले अंतराळवीर आडदांड होते. त्यांनी ते कसंबसं फिरवलं, आणि आपल्याला जड गेलं हे चारचौघांत सांगायला बहुतेकांना लाज वाटली.

आता हँडलला दोष देता आला असता. पण स्वतःच्याच कामाला कुठल्या तोंडाने नावं ठेवायची? तिने दात-ओठ खाल्ले आणि हाताच्या मागे लागली. ओले टॉवेल पिळपिळ पिळले. घरातल्या डब्यांची झाकणं अशी आवळून लावली, की आईला साखर हवी असली तरी तिची वाट बघत बसावं लागे.

"जा बाई एकदाची अंतराळात," आई म्हणाली, "म्हणजे मला वेळेवर चहा तरी मिळेल."

रोज काम संपल्यावर ती आणखी तासभर यानात आडवी होई, आणि मास्तर आणखी तासभर घड्याळ घेऊन बाहेर उभे राहत. अडतीस. पस्तीस. अंगठ्याचं नख काळंनिळं पडलं. मास्तर बर्फ आणून ठेवत. तेहतीस. एकतीस. हा आकडा सांगताना मात्र मास्तर क्षणभर थांबले होते.

शुक्रवारी दार उघडलं आणि बाहेर टाळ्या वाजल्या.

"अठ्ठावीस," मास्तर म्हणाले.

तिचे डोळे भरून आले. तिच्याबरोबर जाणाऱ्या डॉक्टरने हात देऊन तिला बाहेर ओढलं.

"दाराची काळजी मिटली बुवा," तो म्हणाला. "माझ्याच्याने तर हे हललंही नसतं."

ती हसता हसता थांबली. "बघ बरं एकदा."

डॉक्टर चांगला उंचापुरा होता आणि तोही पोशाखातच होता. तिच्या जागी आडवा होऊन तो दीड मिनिट झगडला. घामाघूम झाला. दार जागचं हललं नाही.

आणि नेमकी मीच बेशुद्ध पडले तर? तीन आठवडे तिने फक्त स्वतःचा हात तयार केला होता. दार होतं तसंच होतं. ती मटकन बाकावर बसली. मग उठली.

"मास्तर, दोषनोंदीचा फॉर्म द्या."

"पास झालात तुम्ही."

"मी झाले. हँडल कुठे झालंय?"

"ते बदलायचं तर उड्डाण वर्षभर पुढे जाईल," मास्तर सावकाश म्हणाले. "आणि तुमचं वय..."

"माझं वय मला पाठ आहे. फॉर्म द्या."

तिने भराभर लिहिलं. शेवटी एक चौकट उरली. ज्याने मूळ आराखड्यावर सही केली, त्याने तिथे 'चूक मान्य' असं लिहून द्यायचं होतं. त्याखेरीज काहीही बदलत नसे. त्या चौकटीखाली बारीक छापलं होतं, की आधीची तक्रार असल्यास जोडावी.

"आहे एक," मास्तर म्हणाले. त्यांनी कपाट उघडून एक पिवळा पडलेला कागद काढला. त्यांना तो शोधावा लागला नाही.

कागद नऊ वर्षांपूर्वीचा होता. खालचा शेरा तिच्याच अक्षरात होता: 'हँडल निर्दोष. अंतराळवीराच्या हातात बळ कमी.' तिला आठवलं. चहा निवत होता म्हणून तिने तो घाईघाईत लिहिला होता. वर कुणाचं नाव आहे हे वाचलंही नव्हतं. ते तिने आता वाचलं. तक्रार करणाऱ्या अंतराळवीराला दार उघडायला एकतीस सेकंद लागले होते, आणि सही घड्याळमास्तरांची होती.

शरमेने तिचे कान तापले. "मग... तुमची खुर्ची?"

"दुसऱ्याला गेली. मला घड्याळ दिलं."

'चूक मान्य'च्या चौकटीवर तिचं पेन अडून राहिलं. काळं नख ठणकत होतं. मास्तरांनी स्टॉपवॉच बंद केलं आणि टेबलावर पालथं ठेवलं.

"लिहा सावकाश," ते म्हणाले. "याला वेळेची अट नाही."