काचेपलीकडचे ओठ

यंत्रमागांच्या शेडमधल्या केबिनचं दार लागलं आणि चाळीस जणांचे डोळे काचेवर खिळले. हात मागावर, नजर केबिनमध्ये. एक-दोन ठिकाणी सूत तुटलं, पण जोडायला कुणी वाकलं नाही.

आत, इथेच मागावर काम करणाऱ्या वहिनीचा धाकटा दीर मॅनेजरसमोर उभा होता. मागणी एकच. शेडच्या मागच्या दाराला पाळीभर बाहेरून कुलूप असतं, ते काढा. गेल्या आठवड्यात कोपऱ्यातल्या कापसाने पेट घेतला, तेव्हा सगळे त्या दारावर थडकून परत फिरले होते. आग लगेच विझली म्हणून निभावलं.

बोलायचं सगळ्यांच्या वतीने, नाव कुणाचंच घ्यायचं नाही, असं ठरलं होतं. खरं तर विषय वहिनीनेच काढला होता. पण उलट बोलते म्हणून तिला आधीच दोन ताकिदी मिळालेल्या; तिसरीला सरळ घरचा रस्ता. म्हणून दीरच म्हणाला, "तुम्ही मागे राहा वहिनी, मी बघतो." तिला केवढं भरून आलं होतं!

मागांच्या खडखडाटात या शेडमध्ये शेजारच्याचंही ऐकू येत नाही. इथली माणसं एकमेकांचे ओठ वाचतात. आवाज काढायची गरजच नाही, ओठ तेवढे पुरेपूर हलवायचे. नव्या माणसाला हे जमायला वर्ष जातं. दिराला वहिनीने महिन्याभरात शिकवलं. "तोंड उघडा भाऊजी, घास चावताय का?" म्हणून ती त्याला भंडावून सोडायची. मग त्याला सवय अशी जडली की घरी जेवतानाही तो तसाच बोलायचा.

आताही तो तसाच बोलत होता. बंद केबिनमध्ये, जिथे पुटपुटलं तरी भागलं असतं.

मॅनेजरची पाठ काचेकडे होती, त्यामुळे त्याने काय विचारलं ते दिसलं नाही. दिराचं उत्तर सगळ्या शेडला दिसलं.

"माझी वहिनी."

गडी तेवढ्यावर थांबला नाही. "तीच चिथावते सगळ्यांना. मला त्यात धरू नका, साहेब. मुकादमाच्या जागेचं तेवढं लक्षात असू द्या."

वहिनीने आपला माग बंद केला. परक्याने असं केलं असतं तर तिने त्याच्या सात पिढ्या उद्धारल्या असत्या. हा घरचा होता. सकाळी याचा डबा तिने भरला होता.

दीर बाहेर आला तो हसतच. "झालं काम," त्याचे ओठ म्हणाले. "नाव कुणाचंच घेतलं नाही."

शेजारच्या मागावरच्या बाईने मान फिरवली. मग तिच्या पलीकडच्याने. मग एकेक करून सगळ्यांनी. एखाद्याचं बोलणं नको असेल तर इथे एवढंच करायचं असतं. दीर गोंधळून या मागाकडून त्या मागाकडे गेला. शेवटी तोंडाशी हात धरून जिवाच्या आकांताने ओरडला. काय ओरडला ते त्यालाच ठाऊक.

तोवर मॅनेजरने काचेतून वहिनीला आत यायची खूण केली. ती दिराच्या अंगावरून गेली. तो काहीतरी सांगत होता. तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं नाही.

आत तो उभा होता त्याच जागी ती उभी राहिली. मॅनेजरच्या खांद्यावरून तिने बाहेर शेडकडे पाहिलं, आणि एकेक शब्द सावकाश, ओठ पुरेपूर उघडून बोलली.

"नाव त्याने बरोबर सांगितलं, साहेब. दाराचं सांगायचं तेवढं राहिलं."