सात टाके

डोक्यावर एक तरी खोक पडल्याशिवाय बालपण सुफळ संपूर्ण होत नाही, असं बाबांचं ठाम मत होतं. झाडावरून पडून मिळवलेली स्वतःची खोक ते टक्कल पडल्यापासून अधिकच अभिमानाने दाखवत. आज मुलांच्या वॉर्डात सिस्टरनी त्यांच्या लेकीच्या केसपेपरवर लिहिलं, 'मोबाइल बघताना सोफ्यावरून पडली. टाके तीन.'

शेजारच्या खाटेवरच्या पोरीच्या कागदावर मात्र होतं, 'झाडावरून पडली. टाके सात.'

बाबांचा नुसता जळफळाट झाला. शेवटी न राहवून त्यांनी तिच्या वडिलांना गाठलं.

"नशीब काढलंत हो! आमची बया सोफा सोडत नाही. तुमची झाडावर चढली तरी कशी?"

 

"काय करणार साहेब, खाली रेंजच येत नाही."