राखून ठेवलेली बरणी

सुनेने कपाटातली बरणी काढून टेबलावर ठेवली. "आई, आज हिची मुदत संपली. तुम्हीच उघडा."

सासूबाई खिडकीपाशी बसल्या होत्या. शेगडीवर संत्र्याच्या जॅमचा नवा घाणा रटरटत होता. वाफेने खोली अशी भरली होती की भिंत कुठे संपते आणि दुपार कुठे सुरू होते ते कळेना. या वाफेत बसलं की त्यांना वाटायचं, हे आत्ताच हात धुवायला गेलेत, येतीलच.

परदेशी माल पाठवायचा तर नियमच तसा. प्रत्येक घाण्यातली एक बरणी राखायची आणि तारीख उलटली की उघडून चाखायची. लेबल तर केवढं! साखर किती, सालं किती, कुणाला काय बाधेल, सगळं दोन-दोन भाषांत. ते बरणीला असं गच्च गुंडाळलेलं की आतलं काही म्हणता काही दिसू नये.

ही बरणी त्यांच्या नवऱ्याच्या हातची, शेवटच्या घाण्यातली. त्या दिवशी सकाळी नवराबायकोचं चांगलंच वाजलं होतं. सासूबाई तणतणत बहिणीकडे निघून गेल्या. दोन दिवसांनी परतल्या तेव्हा बरण्या भरून, लेबलं लावून तयार होत्या आणि भांडायला माणूस उरला नव्हता. बाकीच्या बरण्या बोटीने गेल्या. ही तेवढी राहिली. सून तेव्हा या घरात यायची होती.

आणि त्या माणसाची एक खोड होती. डोकं फिरलेलं असलं की तो सालं जाड-जाड चिरायचा. जॅम कडूजहर व्हायचा. राग निवळला की हात आपोआप हलका.

"तूच चाख बाई," सासूबाई म्हणाल्या. "मला भीती वाटते. ते रागावूनच गेले असतील तर?"

सून जवळ येऊन बसली. "मी त्यांना पाहिलंसुद्धा नाही, आई. चव बदलली की नाही ते मला काय कळणार? त्यांचा हात तुम्हीच ओळखाल."

झाकण फिरलं, टक् झालं. दोन वर्षं कोंडलेला वास अलगद बाहेर आला आणि नव्या वाफेत मिसळून गेला. सासूबाईंनी डोळे मिटूनच चमचा आत घातला, तोंडाशी नेला. मग डोळे उघडून त्यांनी चमचा खिडकीतल्या उन्हात धरला. सालं दोऱ्यासारखी बारीक होती.

"काय झालं, आई? बिघडलाय का?"

"नाही गं." त्या चमच्याकडे बघतच राहिल्या. "एवढं बारीक चिरायला अख्खी दुपार लागते. मी तिकडे फुगून बसले होते, आणि हे इथे अख्खी दुपार चिरत बसले होते."