झिजलेला अंगठा

मशीनने म्हाताऱ्या गवंड्याचा अंगठा चौथ्यांदा नाकारला.

त्याने तो सदऱ्याला पुसला, जिभेने ओला केला, पुन्हा काचेवर दाबला. पुन्हा लाल दिवा.

"जन्म विटा-चुन्यात गेला हो बाई," तो ओशाळून म्हणाला. "रेषा कुठल्या राहायला?"

"तोंड बघा की त्याचं! ते नाही झिजलं अजून," रांगेतून कोणीतरी ओरडलं. रांग हसली. बाई हसल्या नाहीत.

निर्वासितांच्या त्या वसाहतीत धान्यवाटपाची नोंद करायला लागून बाईंना चार वर्षं झाली होती. सरहद्दीपलीकडून आलेल्या या म्हाताऱ्याला त्या पहिल्या दिवसापासून ओळखत होत्या. ओळख पटल्याची सही त्यांना करता आली असती. पण गेल्या महिन्यात अशीच एक सही केली म्हणून साहेबांनी मेमो हातात ठेवला होता. दुधाने तोंड पोळलं होतं.

"सोमवारी मोठ्या ऑफिसात जाऊन या, आजोबा. माझ्या हातात काही नाही."

आज गुरुवार होता. म्हाताऱ्याने रिकामी पिशवी नीट घडी करून काखेत मारली. "तुमचा काय दोष," म्हणाला आणि रांगेतून बाजूला झाला. भांडला असता तर बरं झालं असतं, असं बाईंना दिवसभर वाटत राहिलं.

वाटप संपल्यावर त्यांनी दुकानातून दोन किलो तांदूळ घेतले आणि विचारत विचारत त्याची पत्र्याची खोली गाठली.

दारातच चूल पेटली होती. भात रटरटत होता. म्हातारी लगबगीने उठली.

"या ऑफिसातल्या बाई," म्हातारा म्हणाला. तेवढंच.

"अगबाई, बसा ना! मशीन बंद पडलं म्हणे आज. यांनी सांगितलं. मग तुमचेही हालच झाले असतील, जेवायलाही उसंत मिळाली नसेल." म्हातारीने ताटली पुसली. "इथे काही अडलं नाही हो. शेजारणी आल्या, एकेक मूठ टाकून गेल्या. आमच्या दोघांना जास्तच झालंय."

बाईंनी म्हाताऱ्याकडे पाहिलं. तो चुलीत काटकी सरकवत होता. मान वर करत नव्हता.

'मशीन चालू होतं' हे तीन शब्द बाईंच्या अगदी ओठांवर आले. पण ते बोलून दाखवले तर म्हातारा बायकोसमोर खोटा पडणार होता. त्यांनी तांदळाची पिशवी पदराखाली आणखी आत ओढली.

ताटली पुढे आली. वाफाळता भात, त्यावर मीठ. बाईंनी एक घास उचलला, आणि त्यांचा हात तिथेच थांबला.

"खा ना पोरी," म्हातारी म्हणाली. "संकोच कसला? हे काही मोजून आलेलं नाही."