भिंतीपलीकडची निळी रेघ

खेळ सुरू करण्याआधी व्हीआरच्या चष्म्याला खोली दाखवावी लागते. हातातल्या रिमोटने जमिनीवर निळी रेघ आखायची, आणि त्या रेघेच्या आत मनसोक्त बागडायचं. पण बहिणींची खोली एवढीशी की जरा चाललं की रेघ आडवी. म्हणून धाकटीने अक्कल लढवली आणि रेघ सरळ भिंतीतून पलीकडे ओढली.

"आता पळ हवी तेवढी," ती ताईला म्हणाली. "आपटलीस तर नाक तुझं, पण चष्मा माझा हं!"

ताईने हसत चष्मा चढवला आणि निघाली भिंतीच्या दिशेने. धाकटी तिची फजिती बघायला टपून बसलेली.

ताई आपटलीच नाही. ती खोलीतच नव्हती.

"अगं, केवढी जागा आहे इकडे!" भिंतीतून ताईचा आवाज आला.

भिंतीपलीकडे चौथ्या मजल्यावरची नुसती हवा होती.

"ताई, मागे फीर! चष्मा काढ आधी!"

"काढला की मगाशीच."

धाकटी दोन्ही हातांनी भिंत बडवू लागली, खरवडू लागली. नखांत चुना गेला, बोटं सोलवटली. ताईची पावलं मात्र लांब लांब चालली होती.

"ताई, ये ना गं! आईला काय सांगू मी?"

"रडतेस काय, वेडाबाई?" पार लांबून ताई म्हणाली. "तूच तर हात धरून नेतेयस मला. जरा सैल धर ना, दुखतोय."