पेन्सिलीचे आकडे

चार वाजेपर्यंत फोन करून हो किंवा नाही कळवायचं होतं, आणि तीन वाजून गेले तरी ती खोडरबर हातात घेऊन नानांच्या टेबलाशी उभी होती.

नाना चहाला गेले होते. दहा मिनिटं मिळाली असती. तिने त्यांचा तक्ता पुढे ओढला. सातव्या थर्मामीटरपुढे नानांनी लिहिलेला आकडा तिच्यापेक्षा एका रेघेने कमी होता. अकराव्यापुढेही तेच. तिने दोन्ही आकडे हलकेच खोडले, त्यांच्यासारख्या तिरक्या अक्षरात आपले लिहिले आणि रबराचा भुगा फुंकून टाकला.

प्रयोगशाळेची रीत साधी होती. दवाखान्यांत जाणारा प्रत्येक थर्मामीटर दोघांनी वाचायचा, एकमेकांचं न बघता. आकडे आधी पेन्सिलीने. संध्याकाळी पहिल्या वाचकाने दोघांचेही आकडे शाईने वहीत उतरवायचे, आणि वही साहेबांच्या कपाटात. महिन्यात तीनदा आकडे जुळले नाहीत की चौकशी. ज्याची नजर चुकीची ठरेल तो घरी, तोही पेन्शनला मुकून.

नाना पहिले वाचक, ती दुसरी. दुसऱ्या खुर्चीवर आधी तिचे वडील बसायचे. ते गेले आणि महिन्याभरात ती त्यांच्या जागी लागली. पहिल्याच आठवड्यात तिच्या लक्षात आलं, की नानांचे आकडे आपल्याशी जुळत नाहीत. म्हाताऱ्याची नजर उतरली होती. वीस वर्षं वडिलांसमोर बसलेला माणूस. तिने चकार शब्द काढला नाही. रबर उचलला. बाहेरची तपासणी दरवर्षी यायची, काही थर्मामीटर स्वतः वाचून वहीशी ताडून बघायची, आणि वहीत बोट ठेवायला जागा सापडायची नाही. त्या दिवशी तिला वडिलांची फार आठवण यायची.

याला नऊ वर्षं झाली. तिच्यामागून आलेले दोघे बढती घेऊन वरच्या मजल्यावर गेले. साहेब दर वर्षी म्हणायचे, पुढच्या वर्षी नक्की बघू. आई म्हणायची, त्या खुर्चीला एक दिवस पालवी फुटेल, पण तू काही हलायची नाहीस. शेवटी तिने चिडून एका कारखान्यात अर्ज केला, आणि तिकडून होकार आला. भांडाराची मुख्य. हाताखाली सहा माणसं.

आई दोन दिवस हवेत होती. सामान बांधायला दोरीसुद्धा आणून ठेवली होती तिने.

पण नानांना अजून चौदा महिने काढायचे होते. तिच्या जागी नवा कुणी आला, की पहिल्याच महिन्यात म्हातारा उघडा पडणार. घरी बायको अंथरुणावर. पेन्शन गेली तर त्या दोघांनी जायचं कुठे?

नाना परत आले. खुर्ची ओढून बसले आणि तक्त्याकडे बघत राहिले. तिने आपल्या खुर्चीवर बसून स्वतःचा तक्ता पुढे ओढला.

"कळवलंस?" त्यांनी विचारलं.

"नाही अजून."

"मग कसली वाट बघतेस? मुहूर्ताची?"

सकाळपासून त्यांनी हे चौथ्यांदा विचारलं होतं. इथे काय ठेवलंय, पोरी, जा, असं ते परोपरीने सांगत होते. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतोय हे बिचाऱ्यांच्या गावीही नव्हतं. तिला भरून आलं. ती उठून व्हरांड्यातल्या फोनपाशी गेली.

तिकडच्या माणसाने दोनदा खात्री करून घेतली. नकार नक्की ना? नक्की, ती म्हणाली. मग ही जागा आत्ताच दुसऱ्याला कळवतो, असं म्हणून त्याने फोन ठेवला. रिसीव्हर जागेवर ठेवायला तिला दोनदा प्रयत्न करावा लागला.

ती आत आली तेव्हा नाना उभेच होते.

"मी जात नाही, नाना. नाही म्हणून कळवलं."

नाना खाली बसले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. का, एवढंच त्यांनी विचारलं.

नऊ वर्षं गिळलेलं तिने सांगून टाकलं, शक्य तितक्या हळू आवाजात. "तुमच्यासाठी. तुम्हाला नीट दिसत नाही, नाना. तुमचे आकडे चुकतात. मी रोज ते दुरुस्त करते."

"माहीत आहे मला," नाना म्हणाले.

त्यांनी वही ओढली. हे काम ते नेहमी ती गेल्यावर करायचे. आज तिच्यादेखत शाईचं पेन उघडलं. पेन्सिलीच्या तक्त्यांकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. सातव्या ओळीत त्यांनी तोच आकडा लिहिला जो तिने खोडला होता. आधी स्वतःच्या रकान्यात, मग तिच्या. अकराव्या ओळीतही तसंच. हात जराही अडखळला नाही.

तिने वहीचं मागचं पान उलटलं. मग त्याच्या मागचं. तिने बदललेला प्रत्येक आकडा एक रेघ खाली आणलेला होता.

"गेल्या आठवड्यात कारखान्यातून मला फोन आला होता, तुझ्याबद्दल विचारायला," पेनाला टोपण लावत नाना म्हणाले. "मी सांगितलं, पोरगी सोन्यासारखी आहे, डोळे मिटून घ्या, फक्त थर्मामीटर वाचायला देऊ नका."